रिक्षाचे 25 रुपये : पुणे महापालिकेच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर, पुणे.

विषय : ज्येष्ठ नागरिकांची सुरक्षितता आणि त्यांचा महिन्याचा खर्च या दोन फायली एकत्र करण्याबाबत.

महोदय,



विषयाची ओळ सरकारी वळणाची झाली, त्याला इलाज नाही. नोकरीभर हिशेबखात्यात बसले, त्यामुळे कोरा कागद पुढे आला की हात आधी ‘विषय’ लिहितो. पण ओळीत जे आहे तेच मला म्हणायचं आहे. ज्येष्ठांची सुरक्षितता म्हटली की आपल्याकडे पथ विभाग, विद्युत विभाग, फार तर पोलिसांना एक पत्र. ज्येष्ठांचा खर्च म्हटला की हात वर. महागाई दिल्लीच्या हातात, निराधारांची पेन्शन मुंबईच्या हातात, औषधांचे भाव कंपन्यांच्या हातात, मग महापालिका काय करणार? माझं म्हणणं असं की म्हाताऱ्या माणसाच्या घरखर्चातला बराच मोठा भाग महापालिकाच ठरवते, आणि तो ती रस्त्यावर ठरवते.

रिक्षाचंच घ्या. पुण्यात 1 सप्टेंबर 2022 पासून मीटर टाकलं की पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये पडतात. बँक, दवाखाना, भाजी, औषधाचं दुकान, ज्येष्ठ नागरिक संघाची खोली हे सगळं जुन्या पुण्यात आणि कोथरूड-एरंडवण्यासारख्या भागात याच दीड किलोमीटरच्या आत असतं. एवढं अंतर सत्तरीचा माणूस रमतगमत, मध्ये कुठे टेकत चालू शकतो. चालणं त्याला डॉक्टरनंही सांगितलेलं असतं. पण पदपथावरून चालता येत नाही आणि रस्त्यावर उतरायची भीती वाटते, म्हणून तो रिक्षा करतो. जायचे 25, यायचे 25. आठवड्यातून तीनदा बाहेर पडला तर महिन्याला 600 रुपये.

आता हे 600 कुणाच्या खिशातून जातात ते पाहा. श्रावणबाळ योजनेत महिन्याला 1500 रुपये मिळतात. कारखान्यात, छापखान्यात, छोट्या कंपनीत आयुष्य काढलेल्यांना ईपीएस-95 ची पेन्शन मिळते, आणि तिचा किमान आकडा 2014 पासून 1000 रुपयांवर थांबलेला आहे. म्हणजे पहिल्याचे 40 टक्के आणि दुसऱ्याचे 60 टक्के केवळ चालता येत नाही म्हणून जातात. मिळकतकराच्या बिलात सफाईकर असतो, वृक्षकर असतो. ही पदपथपट्टी मात्र कुठल्याच बिलावर छापलेली नसते. ती सगळ्यात नियमित भरतात ते म्हातारे. ज्यांना परवडत नाही ते घरात बसतात, आणि त्या बसण्याचंही बिल येतं. ते गुडघ्यांचं असतं, साखरेचं असतं, डोक्याचं असतं.

पदपथ आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत. प्रश्न असा की त्यावर एका दमात शंभर पावलं टाकता येतात का. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पदपथावर चालण्यासाठी निदान 1.8 मीटर रुंदी मोकळी हवी आणि पदपथाची रस्त्यापासूनची उंची 150 मिलिमीटरहून जास्त नको. आपले पदपथ रस्त्याला दरवेळी नवा डांबराचा थर पडला की कुठे बुडतात, तर कुठे गुडघ्याएवढे उंच होतात. प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी पदपथ उतरतो आणि फाटक संपलं की पुन्हा चढतो. पंचविशीतल्या माणसाच्या हे लक्षातही येत नाही. गुडघ्यात वाटी बसवलेल्या बाईला मात्र शंभर मीटरमध्ये आठ-दहा वेळा जिना चढल्या-उतरल्यासारखं होतं. पुढे महावितरणचा डीपी, झाडाचा पार, शुभेच्छांचा फ्लेक्स, सुटलेले पेव्हर ब्लॉक (पावसाळ्यात ते पाय ठेवताच पिचकारी मारतात) आणि दुचाक्या. उभ्या असलेल्या वेगळ्या, मागून हॉर्न वाजवत येणाऱ्या वेगळ्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण ज्येष्ठांच्या नावानं अशी पत्रं आली की पहिली गाडी अतिक्रमण विभागाची निघते आणि ती कोपऱ्यावरच्या भाजीवालीच्या टोपल्या उचलते. आमचं तिच्याशी भांडण नाही. घराजवळ पाव किलो भेंडी मिळते ती तिच्यामुळे, आणि बऱ्याचदा तीही आमच्याच वयाची असते. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं तिची जागा आखून द्यायची आहे, ती आखून द्या. दुकानाच्या फरशीपुढे दोन-दोन मीटर सरकलेले काउंटर आणि पदपथावर कायमची उभी असलेली वाहनं यांच्याकडे मात्र गाडी का वळत नाही, हे आम्हाला कळतं. आम्ही म्हातारे आहोत, खुळे नाही.

पुण्याला हे जमत नाही असंही नाही. 2016 मध्ये या महापालिकेनं पादचारी धोरण मंजूर केलं. रस्त्यांच्या रचनेसाठी स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं तयार केली. जंगली महाराज रस्त्याचा पदपथ रुंद झाला, त्यावर बाकं आली. तिथे संध्याकाळी जाऊन पाहा, बाकांवर कोण बसलेलं असतं ते. 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होऊ लागला. कल्पना चांगली आहे, मी त्याची टिंगल करणार नाही. पण वर्षातल्या उरलेल्या 364 दिवसांत त्याच लक्ष्मी रस्त्यावर काठी टेकत चालणाऱ्याचं काय होतं, याचा पत्ता त्या दिवसाच्या छायाचित्रांत लागत नाही. आणि धायरीला, कोंढव्याला, वडगाव शेरीला जंगली महाराज रस्ता कधी पोचणार?

कायद्याचं म्हणाल तर रस्त्यांवरची दिवाबत्ती आणि रस्त्यांतले अडथळे दूर करणं ही कामं महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 मध्ये, म्हणजे बंधनकारक कर्तव्यांच्या यादीत आहेत. ती महापालिकेच्या मर्जीवर सोडलेली नाहीत. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निर्वेध पदपथ हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यांमुळे जीव गेला तर 6 लाख आणि जखमी झालं तर 50 हजार ते अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायला सांगितली. हिशेबखात्याच्या भाषेत सांगायचं तर पदपथ न करण्याचीही आता किंमत आहे.

सिग्नलचं गणितही एकदा तपासून घ्या. पादचाऱ्यांसाठीचा हिरवा दिवा सर्वसाधारणपणे सेकंदाला 1.2 मीटर चाल धरून बसवला जातो. 24 मीटर रुंदीचा रस्ता या चालीनं 20 सेकंदांत ओलांडून होतो. काठी घेतलेल्या माणसाची चाल 0.8 मीटरच्या आसपास येते, त्याला त्याच रस्त्याला 30 सेकंद लागतात. मधले दहा सेकंद तो रस्त्याच्या मधोमध असतो आणि समोर दुचाक्यांचे अ‍ॅक्सिलरेटर फिरत असतात. सिंगापूरमध्ये 2009 पासून ज्येष्ठांनी आपलं कार्ड सिग्नलच्या खांबाला टेकवलं की रस्त्याच्या रुंदीप्रमाणे 3 ते 13 सेकंद जास्त मिळतात. आपल्याला कार्डही नको. मंडई, ससून आणि मोठ्या दवाखान्यांसमोरचे सिग्नल दहा सेकंदांनी वाढवा. खर्च शून्य. वाहनवाले कुरकुर करतील. करू द्या. पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग आणि पूल बांधून हा प्रश्न सोडवू नका एवढीच विनंती. चाळीस पायऱ्या चढून रस्ता ओलांडणं ही सोय वाहनांची आहे.

पडणं म्हणजे काय, हे घरात म्हातारं माणूस असलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. खुबा मोडतो, शस्त्रक्रिया होते. त्याचे पैसे विम्यातून येतात, महात्मा फुले योजनेतून येतात, सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कवच आहे. सरकारला इथवरचा खर्च दिसतो. खरा खर्च घरी आल्यावर सुरू होतो. ब्युरोतून बाई लावायची, बारा तासांची की चोवीस तासांची यावर घरात चर्चा. फिजिओथेरपिस्ट घरी येणार, त्याचे वेगळे. कमोडची खुर्ची, वॉकर, भाड्याचा पलंग. हे कुठल्याच योजनेत बसत नाही. राज्याच्या वयोश्री योजनेतून सहायक साधनांसाठी एकदाच 3000 रुपये मिळतात, तेही उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर. अमेरिकेतल्या मुलाला हे पैसे पाठवता येतात. धनकवडीत दोन खोल्यांत राहणाऱ्या मुलाच्या घरात मात्र सुनेची नोकरी सुटते. एक सुटलेला पेव्हर ब्लॉक बसवायला किती खर्च येतो ते आपल्या दरपत्रकात असेलच.

स्वच्छतागृहांचा विषय लिहायला संकोच वाटतो, म्हणून तो कुणी लिहीत नाही आणि म्हणून तो तसाच राहतो. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या कितीतरी रुग्णांना लघवी वाढवणारी गोळी असते. बाहेर जायचं असलं की आमच्या पिढीतल्या बायका ती गोळी घेत नाहीत. पाणीही पीत नाहीत. पेन्शनच्या कामाला, हयातीचा दाखला द्यायला, मोतीबिंदूच्या तपासणीला त्या कोरड्या घशानं जातात. ई-टॉयलेटचा प्रयोग झाला, डबे बसले आणि बंद पडले. आम्हाला नाणं टाकून उघडणारं दार नको. पाणी असलेलं, कडी लागणारं, धरायला दांडी असलेलं, पायरी नसलेलं आणि राखायला माणूस असलेलं साधं स्वच्छतागृह हवं. दर किलोमीटरला एक झालं तरी औषधाच्या गोळ्या वेळेवर घेतल्या जातील. हे आरोग्य विभागाचं काम आहे की भवन विभागाचं, ते आपण ठरवा.

बसबद्दल थोडक्यात. राज्य सरकारनं ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एसटी मोफत केली. पंढरपूरला जाणं फुकट झालं, आनंद आहे. पण माणूस पंढरपूरला वर्षातून एकदा जातो, मंडईत आठवड्यातून दोनदा. पीएमपीचा ज्येष्ठांचा पास सवलतीत मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही. बस थांब्यापासून दहा फूट लांब, रस्त्याच्या मधल्या लेनमध्ये थांबते आणि पहिली पायरी मांडीएवढी वर असते, तेव्हा पास पाकिटातच राहतो आणि माणूस पुन्हा 25 रुपयांकडे वळतो. मेट्रोत उद्वाहन आहे, सरकता जिना आहे, सगळं चकचकीत आहे. उद्वाहनातून खाली उतरलं की मात्र तोच पदपथ.

पाण्याच्या बाबतीत शहराची दोन शहरं झाली आहेत. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली. या गावांत निवृत्तीच्या पैशांतून सदनिका घेतलेले असंख्य लोक आहेत. पेठेतला वाडा पडला, वाट्याला आलेल्या रकमेत शहरात काही मिळेना, म्हणून सिंहगड रस्त्यानं पुढे सरकत गेलेले. त्यांच्या सोसायटीच्या देखभाल खर्चात टँकरचा आकडा असतो आणि उन्हाळ्यात तो वाढतो. मुलाच्या पगारात तो खपून जातो, ठरलेल्या व्याजावर जगणाऱ्याचा महिना मोडतो. मिळकतकर आणि टँकर दोन्ही भरायचं, असं त्यांचं जगणं आहे. जानेवारी 2025 मध्ये किरकटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यात गुलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले आणि पाण्याकडे बोट दाखवलं गेलं, तेव्हा घरोघरी पाण्याचे जार सुरू झाले. पाणी सुरक्षित नसलं की ते विकत घ्यावं लागतं. दोन फायली एकच आहेत असं मी म्हणते ते यासाठी.

आता मिळकतकर. स्वतः राहत असलेल्या घराला पुण्यात 40 टक्के सवलत होती. ती 2018 मध्ये काढली गेली, लोकांनी आरडाओरडा केला आणि 2023 मध्ये परत आली. ज्यांची गेली होती त्यांनी ती परत मिळवायला पीटी-3 नावाचा अर्ज भरायचा, स्वतः राहत असल्याचे पुरावे जोडायचे. कागद मोजके होते हे मान्य. पण विधवा बाईच्या नावावर अजून घर झालेलं नाही, बिल दिवंगत नवऱ्याच्या नावानं येतं, मुलगा बेंगळुरूला, आणि अर्ज, अपलोड, ओटीपी हे शब्द ऐकूनच तिला धडधडतं. अशा किती जणींनी ती सवलत सोडून दिली असेल? ज्या महापालिकेकडे मिळकतीची नोंद आहे, मतदारयादी आहे आणि कोण कुठे राहतं हे पाहायला कर्मचारी आहेत, तिनं म्हाताऱ्यांकडे पुरावे मागण्याऐवजी स्वतः जाऊन खात्री करायला हरकत नव्हती.

दिल्लीत ज्येष्ठ नागरिकाला त्याच्या एका घरावर, 200 चौरस मीटरपर्यंत, मालमत्ता करात 30 टक्के सूट आहे. मुंबईत 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. पुण्यात सरसकट माफी द्या असं मी म्हणणार नाही, पदपथ कुठून येणार मग? पण ज्यांचं घर लहान आहे, पेन्शन नाही आणि वय 70 च्या पुढे आहे त्यांना दरवर्षी अर्ज न करता सूट मिळायला हवी. आमच्यातले बहुतेक लोक एप्रिल-मेमध्येच कर भरून मोकळे होतात, थकबाकीची भीती असते म्हणून. वेळेवर भरणाऱ्याला सर्वसाधारण करात पाच-दहा टक्के सूट. वर्षानुवर्षं न भरणाऱ्याला दरमहा दोन टक्के शास्ती लागते खरी, पण मग अभय योजना येते आणि त्या शास्तीतली मोठी रक्कम माफ होते. हिशेबखात्यातल्या माणसाला हे वाचून झोप येत नाही.

इथवर जे लिहिलं ते पेन्शन, सदनिका, विमा यांतलं काहीतरी असलेल्यांबद्दल. पुण्याचे ज्येष्ठ नागरिक म्हटलं की डोळ्यांसमोर पांढरे बूट घातलेले आजोबा येतात. याच शहराच्या रस्त्यांवर साठी ओलांडलेल्या कचरावेचक बायका आहेत, घरकाम करणाऱ्या मावशी आहेत, मार्केट यार्डातले हमाल आहेत. त्यांच्या निवृत्तीची तारीख कुठेच लिहिलेली नाही. असंघटित कष्टकऱ्यांना किमान वेतनाच्या निम्मं पेन्शन द्या, ही मागणी बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी पेन्शन परिषदेच्या मंचावरून 2012 पासून लावून धरली. झालं काय? केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये 79 वर्षांपर्यंत केंद्राचा वाटा महिन्याला 200 रुपये आहे. राज्याच्या श्रावणबाळ योजनेला वार्षिक 21 हजार रुपये उत्पन्नाची मर्यादा आहे. दिवसाला 58 रुपयेही नाहीत, आणि हे एकट्याचं नाही, कुटुंबाचं उत्पन्न. लाडक्या बहिणीला हीच मर्यादा अडीच लाख आहे. म्हणजे 65 वर्षांपर्यंत बहीण असणारी बाई वाढदिवस झाला की त्या यादीतून बाहेर, आणि श्रावणबाळाच्या यादीत शिरायला तिच्या घरानं 58 रुपयांत दिवस काढायला हवा.

हे निकष आपण बदलू शकत नाही, मला माहीत आहे. पण अर्ज करण्याचा त्रास आपण कमी करू शकता. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा हे सगळं गोळा करण्यात कष्टकरी बाईचे चार-पाच दिवस बुडतात, म्हणजे तेवढ्या दिवसांची मजुरी. आपली 15 क्षेत्रीय कार्यालयं आहेत. महिन्यातला एक दिवस तिथे तहसीलच्या माणसाला बसवा आणि समाज विकास विभागाच्या समूह संघटिकांना अर्ज भरून द्यायला सांगा. अर्ज मागच्या बाजूनं छापू नका आणि टाईप मोठा ठेवा.

याच कष्टकरी बायकांमुळे मला एक सुचलं आहे, त्याचा विचार व्हावा. देशभरातल्या पाहणीत साठीच्या पुढचे सुमारे 6 टक्के लोक एकटे राहतात असं आढळलं होतं, आणि 20 टक्के फक्त नवरा-बायको. पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये हे काही वेगळं सांगायला नको. दार दोन दिवस उघडलं नाही, हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? अ‍ॅपला नाही, पोलिसांना नाही, बहुधा शेजाऱ्यालाही नाही. ते कळतं कचरा न्यायला येणाऱ्या ताईला. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेबरोबर काम करते आहे. तिच्या सभासद रोज शहरातल्या लाखो दारांत उभ्या राहतात. फ्रान्सच्या टपाल खात्यानं 2017 पासून पोस्टमनकरवी एकट्या वृद्धांची विचारपूस करण्याची सेवा सुरू केली, ती पैसे घेऊन. आपल्याकडे ही माणसं रोज येतातच. ज्या ज्येष्ठांची तशी इच्छा आहे त्यांची प्रभागनिहाय नोंद करा, आणि दार उघडलं नाही तर कुणाला फोन करायचा तो एक क्रमांक ताईंना द्या. या कामाचं वेगळं मानधन त्यांना महापालिकेनं द्यायचं, आमच्याकडून नाही आणि त्यांच्याकडून फुकट तर मुळीच नाही. शहराच्या म्हातारपणाची काळजी कष्टकरी बायकांच्या चांगुलपणावर टाकणं आपल्याला फार सवयीचं झालं आहे.

पोलिसांच्या कामाबद्दल मी इथे लिहीत नाही. डिजिटल अटकेच्या नावाखाली होणारी लूट, साखळीचोर, हे त्यांचं. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 आणि ज्येष्ठांच्या मदतीचा 14567 हे दोन क्रमांक मात्र मिळकतकराच्या बिलावर ठळक छापा, ते बिल आम्ही जपून ठेवतो.

राहिली विरंगुळा केंद्रं. ती आहेत, कॅरम आहे, वर्तमानपत्रं आहेत, भजनी मंडळ आहे, आणि त्यांचा आम्हाला आधार आहे. 1 ऑक्टोबरला जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनी तिथे पाहुणे येतात, शाल-श्रीफळ होतं, आम्ही समाजाचा अनमोल ठेवा आहोत असं सांगितलं जातं. शाली आता कपाटात मावत नाहीत. त्या केंद्रांत आठवड्यातून दोन सकाळी फिजिओथेरपिस्ट बसवा, तोल सांभाळण्याचे व्यायाम शिकवता येतील. महापालिकेच्या दवाखान्यातून रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या महिन्याच्या हिशेबानं तिथेच द्या. ज्या माणसाला महिन्याच्या गोळ्या चालत जाऊन मिळतात, त्याला सन्मानचिन्ह नाही मिळालं तरी चालतं. तरुण मुलगे-मुली नगरसेवक म्हणून निवडून येतात, व्यासपीठावर वाकून नमस्कार करतात, छान वाटतं. मधली काही वर्षं तर तेही नव्हते. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि तक्रार घेऊन जायला नगरसेवकच उरला नाही. पुढची जवळजवळ चार वर्षं आमचा ‘साहेब’ प्रशासक होता. नगरसेवकाच्या घराची घंटा वाजवता येते, प्रशासकाच्या केबिनपर्यंत तीन मजले असतात.

पैशांचं काय, असा प्रश्न येईलच. 2025-26 चं आपलं अंदाजपत्रक 12,618 कोटींचं होतं. उड्डाणपूल, नदीकाठ, बोगदे, सगळं त्यात आहे. माझी मागणी फार लहान आहे. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयानं आपल्या हद्दीत एक रस्ता निवडावा, ज्यावर भाजी, बँक, दवाखाना आणि बसथांबा आहे असा. त्याचा एक किलोमीटर पदपथ सलग करावा. सोसायटीच्या फाटकाशी न उतरता, डीपीशी न थांबता, मध्ये तीन बाकं, एक स्वच्छतागृह, चालू दिवे आणि दहा सेकंद जास्त देणारा सिग्नल. पंधरा कार्यालयं, पंधरा किलोमीटर. नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत पुण्यात 2006 पासून आहे, त्यात आमचे संघ प्रभागवार रस्ते सुचवतील, मोजमापंही घेऊन देतील. निवृत्त अभियंते आमच्याकडे रग्गड आहेत आणि त्यांना घरी कुणी काही विचारत नाही. काम झाल्यावर ते टेपनं मोजायलाही येतील, याची मात्र ठेकेदाराला आधी कल्पना द्यावी.

येत्या 1 ऑक्टोबरच्या कार्यक्रमाला शाल आणू नये. निवडलेल्या पंधरा रस्त्यांची यादी, कामाची मुदत आणि जबाबदार अभियंत्याचं नाव एवढा कागद आणावा. त्याआधी या पत्राचं उत्तर देणार असाल तर ते टपालानं पाठवावं, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा एसएमएस नको. टाईप 16 पॉइंटचा असावा.

कळावे,
आपली,
एक ज्येष्ठ करदाती, कोथरूड